रंगाऱ्याचा खोकला

इस्त्रीवालीच्या घरात दोन माणसं आणि एक मासा. त्यातलं एक माणूस गेलं आणि माशानं जेवण सोडलं.

मासा गोड्या पाण्यातला नव्हे, खाऱ्यातला. हातभर काचपेटीत एकटाच राहणारा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, काटेरी पंख पसरून दगडाआड बसणारा. काट्याला विष आणि जिभेला चोचले. नवरा रंगारी होता. लोकांची कपाटं फवाऱ्यानं चकचकीत करता करता स्वतःची छाती रंगानं लिंपून घेतलेला. एका गिऱ्हाइकानं घर सोडताना पेटी माशासकट त्याच्या गळ्यात मारली आणि हा ती पोराला आणावी तशी पोटाशी धरून घेऊन आला.

"पोटी पोर नाही, पण रुसायला जावई मिळाला," इस्त्रीवाली म्हणाली. तेव्हापासून तो जावईच.

जावयाला जिवंत शिकार लागायची. ती कुठून आणायची? रंगारी मेलेली कोळंबी बारीक काडीला टोचायचा आणि पाण्यात ती जिवंत असल्यासारखी नाचवायचा. कामावरून आला की पेटीच्या डाव्या अंगाला त्याची गादी घातलेली लोखंडी खुर्ची ठरलेली. तिच्यात बसायचा, कपाळ काचेला लावायचा. मग जावई डुलत डुलत यायचा आणि कोळंबी गट्ट करायचा.

रंगारी गेल्यावर बाईनं सगळं तसंच केलं. फक्त खुर्चीत बसायचं तिला होईना, म्हणून समोर उभी राहायची. पाण्याचा खारटपणा मोजला, पाणी बदललं, कोळंबी नाचवली. जावई दगडाआडून हलेना. सडकी कोळंबी ती रोज चिमट्यानं काढून टाकायची. माशाचं पोट आत गेलं, डोकं तेवढं मोठं दिसायला लागलं. नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत तिनं हेच पाहिलं होतं. त्याच्या हातानं वाढलेला हा एवढाच जीव उरला होता, आणि तोही तिच्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

ती पाळायचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेली.

"मावशी, ही जात हट्टी. सवय मोडली की मरेल, पण तोंड उघडणार नाही. काका जेवू घालताना आणखी काय करायचे?"

"काय करणार? खोकायचे!" ती वैतागून बोलली. आणि बोलता बोलता दुकानाच्या पायरीवरच थबकली.

तो खोकला म्हणजे तिची सवत होता. दोन आखूड आणि तिसरा लांबलचक, विहिरीच्या तळातून बादली ओढावी तसा. "बाहेर जाऊन खोका," असं तिनं जन्मभर ऐकवलेलं. आता घरी येऊन तिनं कपाळ काचेला लावलं. पहिल्यांदा नुसतं खाकरल्यासारखं झालं. पुन्हा काढला. पुन्हा. शेवटी घशातून नेमका तोच निघाला, आणि तिच्याच अंगावर काटा आला.

जावई दगडाआडून बाहेर आला.

त्याच वेळी दारात भांडं पडलं. खालच्या मजल्यावर राहणारी थोरली नणंद उभी होती, पांढरीफटक.

"आलास का रे?" ती घरात बघत म्हणाली. मग इस्त्रीवाली दिसली. "अगं, तू? मेलेल्या माणसाचा खोकला काढतेस? लाज नाही वाटत?"

"मासा उपाशी मरतोय, वन्सं."

"मरू दे की!"

"विषारी आहे, नाहीतर तुमच्याच पानात वाढला असता. गप्प बसा जरा."

तिनं काडी नाचवली. जावयानं तोंड उघडलं आणि कोळंबी नाहीशी झाली. नणंद लोखंडी खुर्चीत टेकली.

"पुन्हा काढ बघू," नणंद म्हणाली.

"भरलं त्याचं पोट."

"माशासाठी नाही म्हणत मी."

त्यानंतर नणंद रोज संध्याकाळी यायची. कधी चहाची पूड मागायला, कधी सुई मागायला. खुर्चीत बसून डोळे मिटायची. जिन्यात शेजारी एकमेकांना विचारायचे, "रंगारी अजून गेला नाही वाटतं?" हसत विचारायचे, पण त्या दारापुढून पाय उचलून जायचे. जावयाचं पोट भरलं, रंग परतला.

मग एके दिवशी इस्त्रीवालीचा घसा बसला. दिवसभर वाफेत उभं राहून आवाज पार गेला. काडीला कोळंबी टोचून ती पेटीसमोर नुसतीच उभी राहिली. खोकायला गेली तर हवाच निघाली.

"आजचा दिवस राहील उपाशी," खुर्चीतून नणंद म्हणाली.

तेवढ्यात जावई निघाला. सावकाश, पंख फुलवून, हाक ऐकल्यासारखा. इस्त्रीवालीकडे मात्र आला नाही. पेटीच्या डाव्या काचेला गेला, खुर्चीच्या बाजूला, आणि तिथं थांबून त्यानं तोंड उघडलं.

"तू खोकलीस?" नणंदेनं विचारलं.

इस्त्रीवालीनं नकारार्थी मान हलवली. "तुम्ही?" तिचे नुसतेच ओठ हलले.

"मी कशाला खोकू?"

पेटीतला पंप तेवढा गुरगुरत होता. इस्त्रीवालीनं वाकून त्या बाजूनं काडी पाण्यात सोडली. ती नाचवायची गरज पडली नाही. जावई जेवला आणि तिथंच डुलत राहिला, काचेला तोंड लावून.

"वन्सं," ती बसलेल्या घशानं कुजबुजली, "उठा जरा त्या खुर्चीतनं."

नणंद उठली. उठताना खुर्चीची गादी तिनं झटकून सारखी केली.