श्वासाची जागा

शेजारच्या जुबेदाआपा दुपारी पडवीत गावातल्या बायकांना कुराण म्हणायला शिकवतात. मी कुंपणाअलीकडे आमसुलं वाळत घालताना ऐकते. काल त्यांच्या नव्या सुनेनं एक लांब आयत एका श्वासात म्हटली. बाकीच्या सगळ्या मात्र मध्ये एका जागी थांबल्या. मी आपांना विचारलं, “तिथं थांबायचंच असतं का?”

“थांबलं तरी चालतं, नाही तरी चालतं. पण आमच्या उस्तादनींना दमा होता, त्या तिथं थांबायच्या. आम्ही त्यांच्याच तोंडून शिकलो ना!”

छापलेल्या पानाला हे कुठून ठाऊक असणार! उस्तादनी जाऊन चाळीस वर्षं झालीत.

आज त्याच जागी सगळ्या थांबल्या, नवी सूनसुद्धा. माझाही हात आमसुलांवर थबकला. मी कधीच न पाहिलेली एक बाई पलीकडे श्वास घेत होती.