कानपिळीचा मान

माझ्या लग्नात मला एकच गोष्ट नको होती, ती म्हणजे माझ्या भावाची शोकसभा. आणि आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या माणसांचा नेमका तोच बेत चालला होता.

भाऊ माझ्या पाठचा. सैन्यात गेला आणि सीमेवरच्या लढाईत गेला. मला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला तो आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर दिसतो, गंभीर चेहऱ्याने. बाजूला पुढाऱ्यांचे फोटो, त्याच्याहून मोठे. माणसं वाईट नाहीत, मनापासून करतात. पण त्याचा विषय निघाला की सगळ्यांचा आवाज बदलतो. हा मुलगा सुट्टीवर आला की दुपारपर्यंत लोळायचा, माझ्या ताटातली माशाची तळलेली तुकडी पळवायचा आणि वर "तू जाडी होशील म्हणून खाल्ली" असा उपकाराचा आव आणायचा, हे कुणाला सांगायची सोयच राहिली नव्हती. सांगितलं तर लोक असे बघायचे, जणू मी देवाची चेष्टा करतेय.

त्याला माझ्या लग्नाची भारी घाई होती, आणि ती कानपिळीसाठी. आमच्याकडे लग्न लागल्यावर होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो आणि त्याबद्दल आहेर वसूल करतो. मावसबहिणीच्या लग्नात हा प्रकार बघितल्यापासून त्याने माझ्याच कानावर सराव सुरू केला होता. "जिजू कोणीपण असू दे, घड्याळ घेतल्याशिवाय कान सोडणार नाय," असं त्याने जाहीरच करून टाकलं होतं.

लग्न ठरल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी काका घरी आले. "बेटा, मंगलाष्टक के पहले दो मिनट का मौन रखते हैं. स्टेज पे फोटो भी रखेंगे, हार डालके."

"काका, शादी है, सभा नहीं," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला, पण मी बधले नाही.

मग मामाने डोकं चालवलं. "कानपिळीला आमचा मुलगा उभा राहील की. तोही तुझा भाऊच ना?"

मी भडकलेच. मामेभाऊ गुणी आहे, पण ती जागा त्याची नव्हती. ती कुणीही भरायची नाही, कानपिळी होणारच नाही, असं मी सांगून टाकलं. आई अक्षता रंगवत होती. ती रंगवत राहिली. गुरुजींनाही मी आधीच बजावून ठेवलं.

लग्न भाईंदरच्या एका हॉलमध्ये झालं. मी खूश होते, नवरा माझ्या पसंतीचा होता, जेवणाचा घमघमाट सुटला होता. होम पेटला. गुरुजींनी जन्मभर लग्नंच लावलेली, जिभेला वळण पडलेलं. त्यांनी भर हॉलमध्ये हाक दिली, "मुलीचा भाऊ कुठे आहे? चला लवकर, कान पिळायला या."

मामेभाऊ अर्धवट उठला आणि माझ्याकडे बघून खाली बसला. गुरुजींनी जीभ चावली. तोंड उघडलं तर रडू फुटेल या भीतीने मी नुसती होमाकडे बघत राहिले.

तेवढ्यात आई उठली. पदर खोचून होमापाशी आली, माझ्या नवऱ्याचा कान धरला आणि असा काही पिळला की तो कळवळला.

"माझ्या मुलीला त्रास दिलात तर गाठ माझ्याशी आहे, जावईबापू."

"आई, जरा जास्तच झालं हो," तो कान चोळत म्हणाला.

"मी म्हातारी म्हणून एवढ्यावर सुटलात. तो असता ना, तर कान त्याच्या हातातच आला असता."

काय करावं ते कुणाला कळेना. मग आधी सेक्रेटरी काका हसले आणि पाठोपाठ अख्खा हॉल हसला. तो गेल्यापासून त्याच्या नावावर कुणी हसलेलं मी ऐकलंच नव्हतं. मी रडत होते आणि मला फार बरं वाटत होतं. मी त्याची जागा रिकामी ठेवायला निघाले होते. आईने सरळ त्यालाच बोलावून आणलं.

कानपिळी होणार नाही हे माझ्या सासूबाईंनाही ठाऊक होतं. तरी आहेर ठेवावाच लागतो म्हणून त्यांनी एक आकाशी शर्ट आणला होता. तो आईने हक्काने मागून घेतला. पाठवणीच्या आधी बाबांनी हळूच विचारलं, "हा त्याच्या कपाटात ठेवू?"

"जपून ठेवायला कपाट भरलंय," आई म्हणाली. "हा वापरायचा. तुम्ही घाला."

बाबा आता दर रविवारी तो शर्ट घालून मासळी आणायला जातात. धुऊन धुऊन त्याचा रंग उतरलाय. खांद्यात मात्र तो त्यांना अजून सैल होतो. सासूबाईंनी आईला विचारून मापाचा शर्ट आणला होता, पण माप माझ्या भावाचं होतं.