आमच्या आळीच्या पडव्या

पेणला माझ्या माहेरच्या आळीच्या तोंडाशी हल्ली एक बोर्ड लावलाय, 'जुनी आळी'. खाली लाकडी खांबांच्या पडव्यांचं रंगीत चित्र. ज्या भिंतीवर ते काढलंय ती भिंत पडवी पाडूनच उभी राहिली आहे. रोह्याहून माहेरी गेले की मी त्या बोर्डाकडे बघत नाही. बघितलं तर तोंडातून शिव्या येतात.

त्या पडव्या काही राजवाड्याच्या नव्हत्या. वर कौलं, खाली सारवलेली जमीन. पण घराला घर लागून असल्यामुळे पडवीला पडवी मिळालेली, आणि भर पावसात या टोकाचा माणूस त्या टोकाला कोरडा पोचायचा. माझे वडील शाडूचे गणपती करायचे. शाडूची मूर्ती सावलीत, वाऱ्यावर, सावकाश सुकवावी लागते. नाहीतर तडा जातो. म्हणून आषाढ लागला की आळीतला प्रत्येक जण खाटा, सायकली आत ओढून आपली पडवी बाबांना मोकळी करून द्यायचा. त्या बदल्यात बाबा त्या घरच्या गणपतीचे डोळे त्याच घराच्या पडवीत बसून आखायचे, मूर्तीचं तोंड आळीकडे करून. देवाने डोळे उघडले की आधी आळी बघावी, अशी आमची रीत.

पहिली पडवी पाडली समोरच्या काकांनी. त्यांना खाली दुकानाचे गाळे काढायचे होते. बाबा आपण होऊन त्यांच्याकडे गेले.

"माडी चढव, स्लॅब घाल, पण पडवी ठेव."

काका हसले. "दादा, पडवीला भाडं कोण देतो?"

एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये म्हणतात. आमच्या आळीत वासरूसुद्धा शिल्लक राहिलं नाही. दोन वर्षांत अर्ध्याहून अधिक पडव्या गेल्या, आणि उरलेल्यांत दोन्हीकडून पाऊस शिरू लागला. मूर्तींना तडे गेले. बाबांनी त्या फोडून पुन्हा पाण्यात भिजत घातल्या, आणि आईला म्हणाले, "आता गणपतीचा कारखाना आळीतून हलवायलाच लागंल." पेणचे गणपती म्हणून गावभर मिरवणाऱ्यांपैकी एकही जण विचारायला आला नाही.

काका मात्र चतुर्थीच्या तोंडावर आले. "दादा, आमच्या गणपतीचे डोळे तुम्हीच आखायचे. रीत हाय ना आपली!"

मला वाटलं, बाबा आता दार लावून घेतील. त्यांच्या जागी मी असते तर रंगाची वाटी अंगावर फेकली असती. बाबांनी कुंचला घेतला आणि निघाले. आई म्हणाली, "नका जाऊ." मी चडफडत मागोमाग गेले.

पडवी नव्हतीच. बाबा गाळ्याच्या शटरला पाठ लावून पायरीवर बसले आणि पाटावरची मूर्ती आपल्याकडे वळवून घेतली. आळीकडे देवाची पाठ.

"दादा, तोंड उलटं झालं," काका म्हणाले.

"उलटं नाय. तू बांधलंस ते त्याला आधी दिसू दे."

बाबांनी सावकाश दोन्ही डोळे आखले. ते नेहमीसारखेच सुंदर आले, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.