अंगारो कपाळाक

भाद्रपदातली सकाळ, वारा पडलेला, समुद्र पालथ्या परातीसारखा चकचकत पडलेला. कोन्सेसांव नर्सबाईनं दवाखान्यामागच्या चुलीवर काचेची सिरिंज आणि सुया उकळत ठेवल्या आणि जरा भिंतीला पाठ टेकली. डॉक्टर मालवणाहून आठवड्यातून एकदा यायचे. बाकी दिवस ती होती आणि तिचे सुजलेले पाय.

मासळी निवडताना गावातल्या यशोदाच्या तळहातात शेंगटी माशाचा काटा घुसला होता. हात कोपरापर्यंत फुगला, लाल रेघ काखेकडे चढली, हुडहुडी भरली. "विष रक्तात उतरलंय," डॉक्टर म्हणाले, "होडीतून मालवणाला नेली तर वाटेतच जाईल. पेनिसिलिन चुकवू नका." काल ताप उतरला, तेव्हा कोन्सेसांवला किती दिवसांनी झोप लागली होती.

आज ती यशोदाच्या उंबऱ्यावर आली, तर आत खाट पुन्हा थरथरत होती. हाताची पट्टी सोडलेली. जखमेत राख.

"हौसाआये, ह्यां कोणी केल्यान?"

"मी केलंय," सासू म्हणाली. "ताप गेलो, मगे पट्टी कित्याक? रवळनाथाचो अंगारो भरलंय. देवाचो आसा, गटारातली माती नाय."

"आणि हाडल्यान कोणी?"

"हिच्या घोवान, गंगारामान. पंच्यात बांधून."

"त्याच पंच्यान तो मासळीचे हात पुसता गो!"

ओरडावं असं कोन्सेसांवला फार वाटलं, पण ओरडायला बळ लागतं. तिनं उकळलेल्या पाण्यानं जखम धुतली, यशोदा पदर चावत कण्हत राहिली. सुई दिली, पट्टी बांधली. मग उरलेला अंगारा बोटावर घेऊन यशोदाच्या कपाळाला लावला.

"देव हय, कपाळार. हाताक माझी पट्टी. आणि बघूक येतीत त्यांका भायर बसव, च्या दी नि धाड."

"किरिस्तांव तू, आणि आमचो अंगारो लावतंस?"

"माका ह्यां चेडू जगाक व्हयां, आये. लावणारो कोण, तां देव बघीत."

हौसाबाई दारात पाट टाकून बसली. आपल्या सख्ख्या भावालाही तिनं आत सोडलं नाही. ताप चढत राहिला, उतरत राहिला. कोन्सेसांव सकाळ-संध्याकाळ ती वाट तुडवत राहिली. एका दुपारी घामानं चिंब झालेली यशोदा बारीक आवाजात म्हणाली, "आये, वायच पेज दी."

हौसाबाई तिथंच मटकन बसली नि पदरात तोंड घालून रडली. दोन बोटं पुढे कधी वळली नाहीत, पण यशोदा वाचली. कोन्सेसांवला आनंद वगैरे झाला नाही.

ती दवाखान्यात परतली. घमेल्यात पट्ट्या भिजत पडल्या होत्या. पदर खोचून ती साबण घेऊन बसली.