मायचं वाक्य

माहेरी, रामाकोन्याला पोचले तेव्हा माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. परदेशातल्या एका शहरात मी नगरसेविका झाले याचं तिला कौतुक होतं, पण ते तिच्या परीनं. "नळ येऊन राह्यला का तुमच्या वार्डात बराबर?" एवढंच तिनं विचारलं.

नळ बराबर होता. मी भांडले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिथं बाहेरदेशातून आलेल्या बायका दवाखान्यात जायच्या आणि भाषा येत नाही म्हणून मुकाट परत यायच्या. पहिल्या बाळंतपणात मीही तशीच पडून होते. बाईला तिचं दुखणं तिच्याच बोलीत सांगता आलं पाहिजे, दुभाषे ठेवा, असा मी सभागृहात इतका पिच्छा पुरवला की शेवटी ठेवले. त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. ते मायला द्यावं, तिला आवडावं, एवढ्याचसाठी यंदा आले होते.

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मीच पहिलं पान वाचलं. मी देश सोडला त्या दिवशी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर, गाडी सुटता सुटता ती जे बोलली, ते त्यात होतं. "मुली, तू इतक्या दूर का जात आहेस?"

मायचा हात थांबला. "हे कोन बाई होय?"

"तूच ना, माय."

"मी असं कवा बोलली? हे तर मास्तरीणबाईवानी बोलून राह्यली."

मी हसायला गेले, पण जमलं नाही. माय म्हणाली होती, "काहून जाऊन राह्यली वं बाई इतक्या दूर?" इतकी वर्षं मला तेच ऐकू येत होतं. लिहिताना मात्र, पुण्यामुंबईचे लोक काय म्हणतील म्हणून मीच ते शुद्ध करून टाकलं. जगातल्या बायकांना त्यांची बोली मिळवून देणारी मी, आणि घरच्याच बाईची काढून घेतली. दिव्याखाली अंधार! फार लाज वाटली.

पेन काढून मी ते वाक्य खोडलं, वर तिचं लिहिलं आणि पुन्हा वाचलं. माय मान हलवत ऐकत होती.

"हां, हे मी होय," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघतच राहिली. "तवा गाडी सुटली, जवाब राहूनच गेला. आता सांग. काहून गेली वं?"

सभागृहात तासतास बोलणारी मी. मायच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलू लागले.