काटे नसलेलं घड्याळ

आमचा थोरला दादा नागपूरच्या एका संस्थेत विषमतेवर संशोधन करायचा. नवी यंत्रं गरिबांच्या घरापर्यंत पोचतात की नाही, हे गावोगाव विचारून त्या संस्थेला सरकारला सांगायचं होतं. सुटीत घरी, वरठीला आला की घासागणिक त्याचा तोच विषय. एखाद्याच्या ताटात वरण जास्त पडलं तरी त्याला त्यात विषमता दिसायची.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं असेल. दादानं घरी लाल आकड्यांचं, विजेवर चालणारं डिजिटल घड्याळ आणलं आणि भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ मामाला देऊन टाकलं. शेजारपाजार बघायला लोटला. वीज गेली की आमच्या घरातली वेळही जायची, पण ते कौतुकात खपून गेलं.

आईचं मात्र अवघड झालं. ती शाळेत गेली नव्हती, आकडे तिला वाचता येत नव्हते. पण काटे तिच्या मुठीत होते. पहाटे मोठा काटा आढ्याकडे आणि लहान उंबऱ्याकडे आला की ती अंगणातून हाक द्यायची, "चला वं बायांनो, गाडीचा टाइम झाला." आळीतल्या भाजी विकणाऱ्या बाया त्या हाकेवर टोपल्या उचलून स्टेशनावर निघायच्या. त्यांच्या घरी घड्याळं नव्हती. आईचा तोरा तर असा, की स्टेशनमास्तरनं तिला विचारूनच गाडी सोडावी.

नवं घड्याळ आल्यावर ती मला हलवून उठवायची. "पाह्य वं बाई, किती वाजले?" मी अर्धवट झोपेत काहीतरी पुटपुटायची. थोड्या दिवसांनी तिनं विचारणंच सोडलं आणि एका पहाटे अंदाजानं हाक दिली. बाया धावतपळत पोचल्या, तेव्हा गाडी निघून गेली होती. भाजी टोपल्यांतच सुकली. दुसऱ्या दिवसापासून त्या आळीच्या तोंडावरच्या चहावाल्याला वेळ विचारू लागल्या. आई सवयीनं अंगणात यायची आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही, आणि दादाचा भयंकर राग यायचा.

दिवाळीत दादा साकोलीकडची गावं पालथी घालून आला. जेवताना म्हणाला, "यंत्र घरात आल्यावर कोणाचं काय जाते, हेही पाहून राहिलो आम्ही."

"मग आईले विचार ना," मी म्हटलं आणि गाडी चुकल्याचं, चहावाल्याचं, सगळं सांगून टाकलं.

दादा आईकडे वळला. "आई, मले सांगितलं काहून नाही?"

आई त्याला भात वाढत होती. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याले विचारत फिरून राहिला तू, बाबू. मले कधी विचारलं?"