जोशी सरांचं धुकं

स्टाफरूममधला चहा संपतो, किस्से संपत न्हाईत. आमच्या वसमतच्या कॉलेजात तर निम्मे किस्से एकट्या जोशी सरांचे. फिजिक्सचा माणूस. विषय कोणताबी निघू द्या, गाडी येणार पहिल्या ताऱ्यांवरच! सुरुवातीला विश्वात हायड्रोजनचं धुकं होतं, मग पहिले तारे पेटले, त्यांच्या अतिनील किरणांनी अणूतले इलेक्ट्रॉन मोकळे केले आन् उजेडाला वाट झाली. मी केमिस्ट्री शिकवतो, तरी मला हे पाठ हाय.

सरांना खंत एकच. सगळं गाव ऐकतं, पण वहिनींनी एकदाबी पुरतं ऐकून घेतलं न्हाई. रिटायर व्हायच्या आत तिला एकदा सांगायचंय, म्हणायचे.

*

एकदा एसटीत शेजारच्याला धुकं समजावून राहिले होते. उतरायची हिंगोली मागं पडली, सर थेट कनेरगाव नाक्याला! तिथून वहिनींना फोन: तेरा अब्ज वर्षं मागं गेलो होतो, उशीर होईल.

"बरं. येताना दही आणा."

*

पोरांना हळद पॉलिश करायच्या ड्रमपाशी नेलं. धुळीत टॉर्च लावला, बघा म्हणाले, उजेड कसा अडकतो. पोरांना समजलं, पण सर डोक्यापासून बुटापर्यंत पिवळे. वहिनींनी दारातच अडवलं.

"काहून, पुन्हा बोहल्यावर चढायचं ठरलं का?"

*

परीक्षेत एका पोरानं लिहिलं, 'पहिल्या ताऱ्यांनी एकत्र कुटुंबात भांडणं लावून इलेक्ट्रॉनला वेगळं काढलं.' सर जाम खूश. तरी अर्धा मार्क कापला. शेरा मारला, 'वाटणीत प्रोटॉनकडं काय राहिलं, ते लिहिलं न्हाई.'

*

निरोपाच्या दिवशी सरांनी भाषण टाळलं, तासच घेतला. पुढच्या बाकावर वहिनी. आमी मागं जीव मुठीत धरून, बाई मधेच उठतात का काय! सरांनी धुकं सांगितलं, तारे पेटवले, इलेक्ट्रॉन सोडवले. वहिनी हलल्या न्हाईत. शेवटी त्यांनीच विचारलं, ते पहिले तारे आता कुठं हायत?

"संपले गं," सर म्हणाले. "लई मोठे होते, भराभर जळले. धुकं पुरतं हटायच्या आधीच गेले."

"म्हणजे उजेड झाला, हे त्यांना कळलंच न्हाई."

"न्हाई."

वहिनी म्हणाल्या, "मग तुमी तरी ऐकून ठेवा. मला समजलं."

सर वळले, डस्टर घेतलं आन् बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.